एका नगाचा कस

कुणीही काहीही सांगितलं की दाजी मान थोडी तिरकी करत, सांगणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघत आणि शांतपणे विचारत, "कोन म्हनतंय?"

बँक आज बंद आहे म्हटलं तरी हाच प्रश्न. मिरजेची गाडी उशिरा आहे म्हटलं तरी हाच. एकदा मालकांचा मुलगा दहावी पास झाला आणि पेढे घेऊन ऑफिसात आला. दाजींनी पेढा घेतला, तळहातावर ठेवला आणि खायच्या आधी विचारलंच. मुलगा बिचारा पळत जाऊन निकालाचा कागद घेऊन आला. तो बघून झाल्यावर दाजींनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "ग्वाड हाय." पेढा की निकाल, ते काही कळलं नाही.

तुमच्याही गल्लीत किंवा कचेरीत असं एखादं माणूस असेल. अशा माणसाजवळ बसून काम करायचं म्हणजे काही दिवसांनी आपल्यालाच आपला संशय यायला लागतो. मला तर फार लवकर यायला लागला.

दाजी हे आमच्या मालकांच्या बहिणीचे यजमान. मालक त्यांना दाजी म्हणत, म्हणून हमालांपासून चहा करणाऱ्या मावशींपर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणत. मीही म्हणायला लागले. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. कशाला पाहिजे नाव, असं त्यांनी नक्की विचारलं असतं.

मालक विट्याकडचे. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात, देशभर पांगलेली आहेत. मालक आणि दाजी दोघेही तरुणपणी दक्षिणेतल्या एका शहरात गेले आणि एकाच दुकानात सोनं वितळवायच्या मुशीसमोर बसले. पुढे मालकांनी तिकडच्या ओळखीतून परदेशी विजेच्या वस्तू मागवायला सुरुवात केली. इस्त्र्या, टोस्टर, चार्जिंगच्या बॅटऱ्या असा माल. सांगलीत गोदाम घेतलं, वरच्या मजल्यावर घर केलं, खाली ऑफिस थाटलं आणि दाजींना बोलावून घेतलं. दाजींच्या बोटांची टोकं ॲसिडने कायमची पिवळट तपकिरी झाली होती. त्या बोटांनी ते प्रत्येक कागद आधी चोळून बघत.

मी तेव्हा सांगलीत बी. कॉम. करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आमचं गाव जतच्या बाजूला. वडील मेंढरं राखतात. कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून कुणीतरी या ऑफिसचा पत्ता दिला. मालकांनी दोन मिनिटांत होकार दिला आणि दाजींकडे पाठवलं.

"कॉलेजात हाईस म्हनं."

"हो."

"कोन म्हनतंय?"

मी कॉलेजचं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी फोटोची कड नखाने उचलून बघितली. "फोटू चिकटवलाय."

"सगळ्यांचाच चिकटवलेला असतो."

"त्येच म्हनतो मी."

मला कामावर घेतलं की नाही, ते मला दुसऱ्या दिवशीपर्यंत कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेले, तर माझी खुर्ची त्यांच्या टेबलाच्या अगदी समोर मांडलेली होती. मी ठरवून टाकलं की हा माणूस मालकांचा कान आहे आणि माझ्यावर नजर ठेवायला बसवला आहे. मी कमी बोलायचं ठरवलं. बोलले तरी पुस्तकी बोलायचे. घरची भाषा ऑफिसात बाहेर पडू नये म्हणून जपायचे.

माझं काम प्रमाणपत्रांचं. परदेशातून येणाऱ्या विजेच्या मालाबरोबर तिकडच्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र यायचं. ही वस्तू तपासली, हिने शॉक बसत नाही, हिने आग लागत नाही, अशा अर्थाचं. पूर्वी ते कुरिअरने यायचं, उठावाच्या शिक्क्याचं. दाजी डोळे मिटून त्या शिक्क्यावर बोट फिरवायचे. पण मी लागले तेव्हा आमच्या मुंबईच्या एजंटने सगळं कॉम्प्युटरवरून मागवायला सुरुवात केली होती. त्याने एक तक्ता पाठवला होता. त्यात प्रमाणपत्राचा नंबर, प्रयोगशाळा, वस्तूचा प्रकार, खोक्यांवरची खूण हे सगळं भरायचं आणि टेलिफोनच्या तारेवरून पाठवायचं. त्यावरून बंदरातून माल सुटायचा, आणि त्याचीच प्रत मोठ्या गिऱ्हाइकांना जायची.

पहिल्यांदा मोडेम लावला तेव्हा तो खरखरला आणि चिरक्या आवाजात ओरडायला लागला. दाजी खुर्चीतून उठले.

"कोन वरडतंय?"

"दोन कॉम्प्युटर बोलतायत, दाजी. आपला आणि मुंबईचा."

"काय बोलत्यात?"

मी जरा विचार केला. "एकमेकांची ओळख पटवून घेतायत."

हे त्यांना फार आवडलं. "ह्ये बरं हाय. आदी वळख, मग येव्हार." ते पुन्हा बसले. थोड्या वेळाने मी सांगितलं की गेलं.

"कागूद तर हितंच हाय."

"कागद इथंच राहतो. मजकूर जातो."

"पोचला कशावरनं?"

मग ते मुंबईला फोन लावत आणि तिथल्या मुलीकडून सगळा तक्ता वाचून घेत. मी माझ्या कागदावर बोट ठेवून एकेक आकडा जुळवायचा. पुढे पुढे ती मुलगी फोन उचलल्या उचलल्या म्हणायची, "दाजी, वाचू का?"

प्रमाणपत्रावर मात्र त्यांचा विश्वास कधीच बसला नाही. तपासणारा कोण, तो कुठे बसतो, त्याला पगार कोण देतं, काहीच ठाऊक नाही, मग त्याचं कसं मानायचं? म्हणून त्यांनी आपली गलाईची रीत लावली होती. माल बंदरात उतरला की एजंटचा माणूस परवानगी घेऊन एक नग काढायचा आणि एसटीच्या पार्सलने सांगलीला पाठवायचा. कुठल्या खोक्यातला, ते दाजी आधी सांगत नसत. तो माणूस बंदरातल्या गोदामात पोचला, फोनवर आला, की मग सांगायचे, "मागल्या रांगंतला, खालनं दुसरा." निवडून चांगला नग कुणी पाठवू नये म्हणून. नग आला की ते त्याला दिवसभर चालवत, टेस्टर लावून बघत, पाणी शिंपडून बघत, पालथा हात लावून बघत. समाधान झालं की माझ्याकडे बघून म्हणायचे, "आता टाईप." त्याआधी मी एक अक्षर पाठवायचं नाही, असा नियम होता. एजंट वैतागायचा, मालक हसायचे, पण नियम कुणी मोडला नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, एवढ्या मालातला एकच नग बघून कसं कळतं?

"तू गलाईत न्हाईस, म्हनून इचारतीस," ते म्हणाले. "मुशीत वितळलं की सगळं एक हुतं. लगडीचा कोपऱ्याचा टवका काडला काय आन् मदला काडला काय. टवका खरा, तर लगड खरी."

मला ते पटलं. खरं तर फारच पटलं. आमच्या कॉलेजातल्या कुठल्याही सरांनी इतक्या थोडक्यात मला काही समजावलं नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला विजेच्या किटल्या आल्या. स्टीलच्या, चकचकीत. आमच्याकडे असा माल पहिल्यांदाच. पाचगणीच्या एका हॉटेलने सीझनसाठी प्रत्येक खोलीत एक ठेवायला म्हणून मागवल्या होत्या. उरलेल्या पुण्याच्या दुकानांना जायच्या होत्या. नमुन्याचा नग आला. दाजींनी त्याच्यात इतक्या वेळा पाणी उकळलं की त्या दिवशी गल्लीतल्या शेजाऱ्यांनाही आमच्याकडचा चहा मिळाला. संध्याकाळी ते म्हणाले, "आता टाईप." मी तक्ता पाठवला. मुंबईच्या मुलीने वाचून दाखवला. माल सुटला, गोदामात आला, आणि पाचगणीचा हिस्सा टेम्पोने रवानाही झाला.

नमुन्याची किटली वर मालकांच्या घरी गेली होती. म्हणून मावशींनी ऑफिससाठी एका खोक्यातून दुसरी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"दाजी, ही किटली चावती."

"कोन म्हनतंय?"

"माजा हात म्हनतोय."

दाजींनी त्यांच्या हाताकडे बघितलं. "वला आसंल."

"चहा करताना हात वलाच आसतोय. काय रुमालाला पुसून पुसून करू?"

दाजींचा संशय आधी मावशींवर होता. मग फरशीवर, मग भिंतीतल्या वायरवर. ते उठले, टेस्टर घेतला आणि किटलीच्या अंगाला लावला. टेस्टर लागला. त्यांनी वरून नमुन्याची किटली मागवली, त्याच प्लगला लावली. टेस्टर लागला नाही. मग गोदामातून एक आणली, ती चांगली. आणखी एक, तीही चांगली. त्याच खोक्यातली तिसरी लावली, आणि टेस्टरमध्ये पुन्हा तो बारीक तांबूस उजेड दिसला. त्यांनी स्क्रू काढून दोन किटल्यांची बुडं उघडली आणि त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत अर्थिंगची हिरवी वायर पत्र्याला घट्ट जोडलेली होती. दुसरीत ती नुसतीच लोंबत होती.

दाजी खाली बसले. "खोकं एक," ते म्हणाले, "आन् कस दोन."

त्यांचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, आणि घाईत घरची भाषाच तोंडातून आली. "दाजी, आमच्याकडं एक मेंढरू बघून सगळा कळप घेत न्हाईत. एकेकाचं तोंड उघडून बघत्यात, खूर बघत्यात."

मी घाबरले. दाजींनी लोंबणारी हिरवी वायर बोटाने उचलून बघितली.

"ह्ये वितळल्यालं न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "खोक्यात घातलं म्हनून एक हुत न्हाई."

मालक तेव्हा दक्षिणेत होते, जुन्या भागीदाराच्या घरच्या लग्नाला. दाजींनी तिकडे फोन लावला. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मला समोर बसून सगळं ऐकू येत होतं.

"दाजी, एका चहावाल्या बाईच्या वल्या हातावर धंदा बुडवताय व्हय?"

"मी बगितलंय."

"तुमी नमुना बी बगितला हुता. तवा चांगली म्हनलाव. प्रमानपत्र गेलंय आपल्या हातनं. आता वाईट म्हनलं तर एजंट पुन्यांदा आपलं काय बी घील का? आदी सांगा, कुनी भरवलं तुमाला?"

दाजींनी फोन कानापासून जरा लांब धरला आणि पुन्हा जवळ आणला. "पाचगणीला गेल्यात तेवड्या तरी बोलवू."

"मी येऊपतोर कायसुदिक करायचं न्हाई."

फोन ठेवल्यावर दाजी पिवळ्या बोटांनी टेबलाची कड चोळत बसले. "त्यो यील चार दिसांनी," ते स्वतःशीच म्हणाले. "तवर तिकडं किटल्या तापत्यात." मग माझ्याकडे वळले. "जसं धाडलं तसं माघारी बोलव."

मी सांगितलं की गेलेलं परत येत नाही. पण तक्त्यात अगदी शेवटी एक सोय होती. पाठवलेलं प्रमाणपत्र या मालाला लागू समजू नये, असं कळवायची. ती आम्ही कधीच वापरली नव्हती. त्यात कळवणाऱ्याचं नाव लिहावं लागायचं.

"मंग लिव की."

माझे हात कळांवर गेले आणि थांबले. मालकांनी नको म्हटलं आहे. हे माझ्या हाताने जाणार. उद्या कुणी विचारलं तर दाजी म्हणतील, पोरीने पाठवलं, मला कुठं इंग्रजी येतंय. ते मालकांचे दाजी, मी कोण? ही नोकरी गेली तर वसतिगृह जाईल, वसतिगृह गेलं तर कॉलेज. मी हात मांडीवर घेतले.

"तुला वाटतंय मी तुला आडकवतोय."

मी कळांवरची धूळ बोटाने पुसायला लागले.

"बराबर हाय," दाजी म्हणाले. "वाटायच पायजे." ते त्यांची खुर्ची ओढत माझ्या बाजूला आले. "सरक. माजं नाव मी घालतो. अक्षरं दाव."

मी बोटाने एकेक अक्षर दाखवत गेले आणि ते कळ दाबत गेले, मूस चिमट्याने उचलावी तसं जपून. प्रत्येक कळ दाबली की पडद्यावर बघत, अक्षर उमटलंय का. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग म्हणाले, "गावाचं बी घाल. उद्या कुनी म्हनायला नगो, दुसरा कोन आसंल." गावाची अक्षरंही त्यांनीच दाबली. मोडेम ओरडला, थांबला. त्यांनी मुंबईला फोन लावला. ती मुलगी नेहमीसारखं वाचायला लागली आणि मध्येच थांबून म्हणाली, "दाजी, हे काय पाठवलंत?"

"तू वाच," दाजी म्हणाले.

पुण्याला जायचा माल त्यामुळे जागेवरच थांबला. पाचगणीचं मात्र तसं नव्हतं. त्या हॉटेलात कॉम्प्युटर नव्हता; त्यांना प्रमाणपत्राची छापील प्रत गेली होती. फोन केला तर तिथल्या माणसाने "आमच्याकडे कागद आहे" एवढंच सांगून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही तिघं निघालो. दाजी, मी आणि मावशी. मावशींना कशाला, असं मी विचारलं, तर दाजी म्हणाले, "तिच्या हाताला कळतंय." साताऱ्याला गाडी बदलली. वाईच्या पुढे घाट लागला तशी मावशींनी पदर तोंडात धरला आणि डोळे मिटले. दाजी एकदा टेस्टर खिशात आहे का बघत आणि एकदा मावशींकडे. "वकू नगं," ते म्हणाले, "साक्षीदार हाईस तू."

हॉटेलचे मॅनेजर सभ्य गृहस्थ होते. आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून फाइल काढून एक कागद आमच्यासमोर ठेवला. मीच भरलेला तक्ता होता तो, छापलेला.

"हे तुमच्याकडूनच आलंय ना?"

"व्हय," दाजी म्हणाले. "आमीच धाडलं. आता आमीच सांगतोय, ह्ये खरं न्हाई."

"असं बघा आजोबा, त्या दिवशी तुम्ही चांगली म्हणालात, आज वाईट म्हणताय. मग आज तरी तुम्ही खरं बोलताय, हे मी कशावरून समजायचं?"

मला वाटलं दाजी चिडतील. पण ते त्या माणसाकडे जवळजवळ कौतुकाने बघत होते. "बराबर इचारलंत," ते म्हणाले. "माज्यावर नगाच भरवसा ठेवू. किटली बगा."

पहिल्या खोलीतली चांगली निघाली. दुसऱ्या खोलीतलीही. मॅनेजर घड्याळाकडे बघायला लागले. तिसऱ्या खोलीत मुंबईची एक बाई राहत होती. धोतर-टोपीतला एक म्हातारा सरळ आत येऊन किटलीला हात घालतोय म्हटल्यावर तिने किटली उचलून पोटाशीच धरली. "आधी मॅनेजरला बोलवा," ती म्हणाली. मॅनेजर मागेच उभे होते, पण तिचा त्यांच्यावरही विश्वास बसेना. शेवटी मावशी पुढे झाल्या. "ताई, धरा, पर पलग काढून धरा," असं म्हणाल्या, तेव्हा कुठे तिने किटली खाली ठेवली. तीही चांगलीच होती. दाजींनी त्या बाईला हात जोडले.

पुढच्या खोलीत एक कुटुंब होतं. दाजींनी किटलीला टेस्टर लावला, आणि उजेड दिसला. मॅनेजर वाकून बघायला लागले. तेवढ्यात पलंगावर बसलेली छोटी मुलगी म्हणाली, "ही गुदगुल्या करते."

तिचे वडील ओशाळले. "काल दिवसभर हेच सांगतेय. आम्हाला वाटलं, दूध प्यायचं नाही म्हणून नाटक करतेय."

दाजींनी प्लग काढला. वायर किटलीभोवती गुंडाळायला त्यांना फार वेळ लागला. मग ते त्या गृहस्थांना म्हणाले, "पोरगी खरं बोलत व्हती." मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि का कुणास ठाऊक, ठेवलाच नाही.

त्यानंतर मॅनेजर स्वतःच पुढे होऊन खोल्या उघडत गेले. आम्ही चांगल्या-वाईट सगळ्याच किटल्या खाली आणल्या. दाजी निवडायला तयार नव्हते. परत येताना गाडीत ते एकदाच बोलले. "खोकं कुठलं काडायचं, त्ये मी सांगत व्हतो. लय हुशारी वाटत व्हती मला."

मालक आले ते सरळ ऑफिसात आले. मी उठून बाहेर जायला लागले, तर दाजी म्हणाले, "बस." मला वाटतं, त्यांना साक्षीदार हवा होता.

"मी थांबा म्हनलो हुतो," मालक म्हणाले.

"व्हय."

"मुशीपासनं संगं हाय आपन. माज्यावर बी भरवसा न्हाई तुमचा?"

"तुज्यावर हाय. किटलीवर न्हवता."

"येकच झालं," मालक म्हणाले.

दाजींनी खुंटीवरची टोपी घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत; ते गावी निघून गेल्याचं मावशींकडून कळलं. समोरची खुर्ची तशीच राहिली. तिच्यावर कुणी बसत नसे.

पुढे कारखान्याने किटल्या परत घेतल्या. एकाच मालात असे दोन प्रकार कसे आले, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. दोन ठिकाणचा माल एकत्र भरला असावा, असा आमचा आपला संशय. एजंटने आमचं काम सोडलं नाही. उलट तो म्हणाला, स्वतःहून कळवणारे पहिलेच तुम्ही. मालकही गिऱ्हाइकांना फोनवर सांगायचे, "चूक आमीच धरली." पण कोणी धरली, ते सांगायची वेळ आली की म्हणायचे, "आमच्याकडचा एक मानूस." दाजी हा शब्द त्यांच्या तोंडी येईनासा झाला होता. मावशी एकदा चुकून म्हणाल्या तर ते म्हणाले, "कोन दाजी?" मला भीती वाटत होती की माझ्यावरही हे शेकेल. पण मालकांनी मला कधीच काही विचारलं नाही. ते का विचारत नाहीत, याचाच मला पुष्कळ दिवस संशय होता.

दिवाळी आली. आमची माणसं मेंढरं घेऊन खाली कोकणाकडे उतरलेली, घराला कुलूप, म्हणून मी सांगलीतच होते. भाऊबीजेला मालकीणबाईंनी मला फराळाला बोलावलं. घरात सकाळपासून एक अवघडलेपण होतं. मालकांची बहीण, म्हणजे दाजींची बायको, दरवर्षी भल्या सकाळी यायची; त्या दिवशी दुपार झाली तरी पत्ता नव्हता. मालक नवा सदरा घालून उगाच खाली ऑफिसात जात होते आणि वर येत होते.

दुपार कलल्यावर ती आली. पिशवी हातात, घामेजलेली. पाट मांडला, ताट केलं, तिने भावाला ओवाळलं. मालकांनी ओवाळणी घातली आणि तसेच कुंकवाच्या कपाळाने खिडकीशी जाऊन उभे राहिले. मीही बघितलं. रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानाच्या सावलीत दाजी उभे होते. एकट्या बायकोला एवढ्या लांब पाठवायचं नाही म्हणून बरोबर आले होते, पण रस्ता ओलांडला नव्हता.

मालक बराच वेळ खिडकीत होते. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जा, दाजींना इचार, चहा घेनार का."

मी खाली गेले. दाजी आणखी वाळले होते. मला बघून त्यांनी मान तिरकी केली.

"दाजी, मालकांनी चहा विचारलाय."

"किटलीतला का ष्टोव्हवरचा?"

"ष्टोव्हवरचा. मावशींनी केलाय."

"त्यो काय म्हनला, नीट सांग. जसंच्या तसं."

"'दाजींना इचार, चहा घेनार का.' एवढंच म्हणाले."

"दाजीच म्हनला?"

"व्हय."

त्यांनी वर खिडकीकडे बघितलं. तिथे आता कुणी नव्हतं. "मंग आन," ते म्हणाले.

मी चहा आणला. तो त्यांनी तिथेच उभ्याने, सावकाश घेतला. मी रिकामा कप घेऊन वळले तेवढ्यात बहीण खाली आली, आणि दोघं स्टँडच्या दिशेने चालायला लागले, ती पुढे आणि हे मागे. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. मी साताऱ्याला नोकरीला लागले, तिथेच एक दिवस मावशींचा फोन आला की दाजी गेले. "कोण म्हणतंय?" असं माझ्या तोंडून निघून गेलं.

पण त्या भाऊबीजेला मी कप घेऊन जिना चढले, तेव्हा मालक वरच्या पायरीवरच उभे होते. त्यांनी माझ्या हातातून कप घेतला, कलता करून आत बघितलं. तळाशी थोडी साखर होती, बाकी काही नव्हतं. मावशी हात पुढे करून उभ्या होत्या, पण मालकांनी त्यांना तो दिला नाही. नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारून ते मोरीशी बसले आणि कप स्वतःच विसळू लागले.